इयत्ता सातवी, तुकडी ढ

माझी भाची एका भपकेबाज शाळेत शिकवते. मागे तिला शाळेने दोन दिवसांच्या कार्यशाळेला पाठवलं. तिथून ती एक कापडी पिशवी, छातीवरचा एक बिल्ला आणि दोन अवजड नावं घेऊन आली: डिफरन्शिएटेड इन्स्ट्रक्शन आणि युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग. जेवण चांगलं होतं म्हणाली. नावांचा अर्थ विचारला तर पिशवीतून कागद काढायला लागली. मी म्हटलं, कागद राहू दे, तोंडाने सांग. तिने सांगितलं ते ऐकून मला आमची सातवी ढ आठवली, आणि या अंकाच्या संपादकांना दर दिवाळीला देत आलेला नकार या वर्षी मला गिळावा लागला.

नावं बाजूला ठेवली तर गोष्ट स्वयंपाकघरातली आहे. धाकट्याला तिखट सोसत नसेल तर आई फोडणी देण्याआधी त्याचं वरण वेगळं काढते. ही पहिली रीत: मूल बघायचं आणि त्याला झेपेल ते द्यायचं. दुसरी रीत अशी की वरण मुळातच बेताचं करायचं आणि मीठ, लिंबू, तूप, ठेचा सगळं पानांसमोर मांडून ठेवायचं. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं, कुणी मागायला लाजू नये. पहिल्या रीतीत प्रत्येकाची जीभ ठाऊक असावी लागते, दुसरीत आधी मांडामांड करावी लागते. शहाण्या बाया दोन्ही करतात. आमच्या शाळेत मात्र साठ पोरांना एकच झणझणीत रस्सा वाढायचा आणि ज्याच्या डोळ्यांत पाणी येईल त्याला ढ म्हणायचं, अशी परंपरा होती.

शाळा डोंबिवली पश्चिमेची, मराठी माध्यमाची, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी पाचवी ते सातवीला गणित शिकवायचे. प्रत्येक इयत्तेच्या अ, ब, क, ड अशा चार तुकड्या, आणि त्या मार्कांवर पाडलेल्या. अ तुकडीत डॉक्टर-इंजिनिअर, ब मध्ये बँका, क मध्ये रेल्वे आणि ड मध्ये देवाची इच्छा. शिवाय ज्यांची घरं वर्षाच्या मध्येच हलायची तेही ड मध्येच, कारण जागा तिथेच उरलेली असे. आमच्या स्टाफरूममध्ये ड हे अक्षर कुणी उच्चारतच नसे. "आता कुठे?" "ढ वर." एवढंच. बोलता बोलता जीभ तशीच वळली होती, आणि त्यात आपण काही वाईट बोलतो आहोत असं कुणाला वाटत नव्हतं. आंब्याला आंबा म्हणावं तसं चाललेलं.

त्या मे महिन्यात वर्गांच्या पाट्या रंगवायला पेंटर आला. हेडसर एकीकडे फोनवर बोलत होते आणि दुसरीकडे त्याला वर्गांची नावं सांगत होते. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या दारावर निळ्यावर पांढऱ्या, वळणदार, सावली दिलेल्या अक्षरांत लिहिलेलं होतं: इयत्ता सातवी, तुकडी ढ. इतकं सुंदर ढ मी पुस्तकातही पाहिलेलं नाही. टोक आत वळवून अशी गाठ मारली होती की सुटायची सोयच नाही. हेडसरांनी पेंटरला बोलावून झापलं, तर तो शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही जे बोललात तेच लिवलं. मला काय माहीत, मला वाटलं तुमच्यात अ ब क ढ असंच असतं."  पेंटर दुरुस्त करून देतो म्हणाला आणि गावाला गेला. आला तेव्हा गणपतीचे मंडप सुरू झाले होते, मग नवरात्र, मग निवडणूक. मधल्या काळात हेडसरांनी पाटीवर एका किराणा दुकानाचं कॅलेंडर टांगलं. ते वाऱ्याने उडायचं आणि खालून ढ डोकावायचं, तेव्हा ते जास्तच वाईट दिसायचं.

त्या वर्षी सातवी ढ ची वर्गशिक्षिका मी.

हेडसर मनाने वाईट नव्हते. त्यांना फक्त एक आजार होता, दहावीच्या निकालाचा. शाळेच्या फाटकाशी दरवर्षीच्या टक्केवारीचा फलक होता आणि येता-जाता ते त्याच्याकडे असे बघायचे, जसं नवं घर बांधलेला माणूस स्लॅबकडे बघतो. फलक वर चढता ठेवायचा तर आठवीच्या दारावरच गाळणी लावायची, हा त्यांचा साधा उपाय. सातवीला जो गणितात आपटेल त्याच्या पालकांना बोलावून गोड शब्दांत दाखला हातात द्यायचा. दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा कागद. मुलगा असला तर दुसऱ्या शाळेत जायचा. मुलगी असली तर बहुतेक वेळा घरी जायची.

माझ्या वर्गात सुगंधा होती. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, लांबलचक, डाव्या हाताने लिहिणारी. तिची आई बाजारात मासळी विकायची. सुगंधाला वाचायला दिलं की अक्षरं तिच्यापुढे जागेवर बसत नसत. "बावीस"चे "पंचवीस" व्हायचे, सहाचा नऊ व्हायचा, आणि शाब्दिक उदाहरणाच्या शेवटच्या ओळीवर पोचेपर्यंत पहिली ओळ पळून गेलेली असायची. या दुखण्याला आज नाव आहे. तेव्हा आमच्याकडे एकच नाव होतं आणि ते दारावर लिहिलेलं होतं.

मी ठरवलं, हिला हिच्या जगातलं गणित घालायचं. मोठ्या हुशारीने फळ्यावर उदाहरण लिहिलं: एका कोळणीने अमुक भावाने बोंबील घेतले, तमुक भावाने विकले, तर नफा किती. सुगंधाने फळ्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"बाई, घरी पन मावरं, इथं पन मावरं? मी शाळंत कशाला येतंय मग?"

वर्ग हसला. मीही हसले, पण घरी जाईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. नव्या पद्धतीच्या नावाखाली मी काय केलं होतं, तर प्रत्येक पोराला त्याच्या बापाच्या धंद्यात परत नेऊन बसवलं होतं. आपल्याकडे ते काम शाळेशिवायही व्यवस्थित चालतं, त्याला बी.एड. लागत नाही. मावरं म्हणजे मासळी, हे मी त्या दिवशी शिकले, बाकीचंही.

सुगंधाला काय आवडतं ते कळलं ते वजन-मापं शिकवताना. ग्रॅम, किलो, क्विंटल चाललं होतं. ती खिडकीबाहेर बघत होती म्हणून मी टोचून विचारलं की तिकडे काही तोलायचं आहे का. तिने विचारलं, ढगाचं वजन किती असतं. मी म्हटलं, मला माहीत नाही. बाईंना माहीत नाही, ही बातमी वर्गात अशी पसरली की जणू सुट्टी जाहीर झाली.

मिलिंद नावाचा एक पोरगा होता. वडील बँकेत, घर दिवा स्टेशनजवळून हललेलं, प्रवेश जुलैत, म्हणून रवानगी ढ मध्ये. आमच्या शाळेच्या हिशोबाने दिव्याहून उशिरा येणं हाही मंदबुद्धीचाच प्रकार. प्रत्यक्षात तो सगळ्यांच्या आधी गणितं सोडवून उरलेला तास शेजाऱ्यांना छळण्यात घालवायचा. तो म्हणाला, ढग तोलता येणार नाही, पण त्यातनं पडलेलं पाणी मोजलं तर. झालं. शिपायाकडून डालडाचा रिकामा डबा आणला, गच्चीवर ठेवला आणि ऑगस्टभर सातवी ढ पाऊस मोजत बसली. मिलिंदला मी गच्चीचं क्षेत्रफळ काढून तिच्यावर पडलेल्या सगळ्या पाण्याचं वजन काढायला लावलं; निदान तेवढे दिवस त्याचा शेजारी सुखात राहिला. ज्यांना भागाकार जड जायचा ते रोजची उंची पट्टीने मोजायचे. आणि सुगंधाने भिंतीवर कागद चिकटवून रोजचा एक स्तंभ काढायला घेतला. वाचताना डळमळणारी पोरगी स्तंभ मात्र असे सरळ काढायची की गवंड्याने ओळंबा लावून बघावा. कुठल्या दिवशी किती, सरासरी कुठे येईल, हे ती नुसत्या हाताने दाखवायची: हा जास्तीचा इथून काढला आणि त्या खड्ड्यात टाकला की सगळे सारखे. सरासरीची याहून चांगली व्याख्या पाठ्यपुस्तकात नव्हती.

आणखी एक गोष्ट आपोआप झाली. सुगंधासाठी म्हणून मी फळ्यावर लिहिलेलं प्रत्येक उदाहरण दोनदा मोठ्याने वाचायला लागले आणि शेजारी लहानसं चित्र काढायला लागले. महिन्याभरात लक्षात आलं की फायदा एकट्या सुगंधाला होत नाहीये. एकाला चष्म्याची गरज होती आणि घरी कुणाला पत्ता नव्हता. दोघं-तिघं घरी कानडी आणि गुजराती बोलणारे होते. मागच्या बाकावरचे तर आयुष्यात पहिल्यांदा उदाहरण ऐकत होते. एकीसाठी काढलेलं वरण सगळ्या पंगतीला पुरलं.

वर्ग मात्र शाळेसारखा दिसेनासा झाला. कोण जमिनीवर, कोण गच्चीवर, कोण भिंतीशी. जानेवारीत तपासणी आली तेव्हा हेडसर घामाघूम. त्यांनी पाटीवर झेंडूचं तोरण लावलं. तपासणीला आलेले साहेब बुटके होते, त्यांनी मान वर केली आणि तोरणाखालून त्यांना बरोबर ढ दिसलं. हेडसरांना विचारलं, हे काय. हेडसर म्हणाले, छपाईची चूक. दारावर हाताने रंगवलेल्या पाटीला छपाईची चूक म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. साहेबांनी आत येऊन सुगंधाचा पावसाचा कागद पाहिला, अर्धा तास मिलिंदशी वाद घातला, चहा घेतला आणि गेले. शेऱ्यात लिहिलं, वर्गात शिस्त कमी आहे. खरंच होती.

पण तोपर्यंत एक घोळ होऊन बसला होता. सहामाहीच्या लेखी परीक्षेत सुगंधा गणितात सपशेल नापास झाली होती. पाऊस मोजून काय उपयोग, पेपरात तर तेच जुनं: दाट छपाई, लांबलचक वाक्यं, वेळ कमी. हेडसरांनी दिवाळीनंतर तिच्या आईला बोलावून सांगून टाकलं की पोरीचं डोकं चालत नाही, निकालाच्या दिवशी येऊन दाखला घेऊन जा. आईने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सुगंधाने मला विचारलं, मग आता यायचं की नको. मी म्हटलं, मेपर्यंत तरी ये. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि मला स्वतःचाच राग आला.

मी हेडसरांकडे गेले. म्हटलं, सुगंधाची तोंडी परीक्षा घेऊ, तिला येतं. ते म्हणाले, एकीला सवलत दिली की उद्या सगळे दारात. पेपर म्हणजे पेपर, चारही तुकड्यांना एक. नियम सगळ्यांना सारखा. मी रागारागाने परत फिरले आणि जिन्यात थांबले. त्या वर्षी सातवीच्या गणिताचा वार्षिक पेपर काढायची पाळी माझी होती. सगळ्यांना सारखा पेपर द्यायला माझी हरकत काय होती? कसा सारखा, ते हेडसरांनी सांगितलं नव्हतं.

मग मी चार तऱ्हेच्या जिभांसाठी स्वयंपाक करावा तसा तो पेपर काढला. अभ्यासक्रम तोच, अवघडपणा तोच, एक गुणही इकडचा तिकडे नाही. पण सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल मोठ्या अक्षरात कापलं. वाक्यं लहान केली. प्रत्येक शाब्दिक उदाहरणाशेजारी आकृती किंवा तक्ता. खाली सूचना: उत्तर आकडेमोड करून, आकृती काढून किंवा शब्दांत स्पष्टीकरण देऊन लिहिले तरी चालेल. आणि सगळ्यात वर: पर्यवेक्षकांनी प्रश्नपत्रिका सुरुवातीला सावकाश वाचून दाखवावी. चारही तुकड्यांत.

हेडसर हादरले. अ तुकडीला वाचून दाखवायचं? पालक काय म्हणतील? मी म्हटलं, "सर, नियम सगळ्यांना सारखा, तुम्हीच म्हणालात." ते म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षिका कशाला झालात, वकील व्हायचं होतं." आणि सही केली. हा मोठेपणा त्यांच्या खात्यावर मांडलाच पाहिजे.

परीक्षेच्या दिवशी अ तुकडीतल्या हुशार मुलांनी खरोखर तक्रार केली. आकृतीने उत्तर द्यायचा पर्याय पाहून ती बिचारी घाबरली, कारण आकृती पाठ करता येत नाही. ती नेहमीप्रमाणे आकडेमोडच करत बसली, आणि ते चालणार होतंच. पण निकाल लावताना कळलं की त्यांच्याही चुका कमी झाल्यात. इतकी वर्षं त्यांच्याही गेलेल्या गुणांपैकी निम्मे प्रश्न नीट न वाचल्याने जात होते, आणि आम्ही त्याला निष्काळजीपणा म्हणून पालकांना पत्रं पाठवत होतो. एकूण निकाल चांगला लागल्यावर वाचून दाखवण्याची कल्पना मूळ हेडसरांची होती, असं मला पुढच्या सभेत समजलं.

सुगंधाचा पेपर मी तपासला नाही. मुद्दामच क तुकडीच्या सरांना दिला. ते टिटवाळ्याहून यायचे आणि गुणांच्या बाबतीत इतके चिक्कू होते की त्यांच्याकडून पास म्हणजे पास. त्यांनी पेपर परत देताना सरासरीच्या प्रश्नावर बोट ठेवलं. तिने आकडेमोड केलीच नव्हती; स्तंभ काढून त्यांची डोकी कापून खड्ड्यांत भरली होती आणि शेवटी सगळे सारखे करून उत्तर लिहिलं होतं. सर म्हणाले, उत्तर बरोबर आहे, पण याला काय म्हणायचं? मी म्हटलं, गणित.

पुढचं फार गोड नाही, तेही सांगून टाकते. पुढच्या वर्षी पेपर काढायची पाळी दुसऱ्याची आली आणि दाट छपाई परत आली. तुकड्या मार्कांवरच पडत राहिल्या. सातवीनंतर सुगंधाला मी शिकवलं नाही. दहावीला ती गणितात अडकली आणि ऑक्टोबरला सुटली. एका बाईने एका वर्षी केलेल्या मांडामांडीने शाळा बदलत नाही, याची मला आजही हळहळ आहे. भाचीने पिशवीतून ती दोन नावं काढली तेव्हा हसू आलं तसा थोडा संतापही आला. इतकी वर्षं कुठे होती ही नावं?

पण आता निकालाचा दिवस सांगायचा राहिला आहे.

सुगंधाची आई सकाळीच आली, बाजारात जाताजाता. डोक्यावर पाटी, पाटीवर ओलं गोणपाट. दाखला घ्यायला आली होती, दिवाळीपासून लक्षात ठेवून. शिपायाने वास येतो म्हणून पाटी बाहेर ठेवायला सांगितली तर तिने ती वरच्या मजल्यावर आणून सरळ आमच्या वर्गाच्या दाराशी टेकवली. हेडसर निकालपत्रकं घेऊन तिथेच उभे होते. मी सांगितलं, दाखला नको, सुगंधा पास झाली, आठवीत गेली. तिला काही ते पटेना.

"पेपर कुनी लिवला?"

"तिनेच."

"वाचला कुनी?"

मी म्हटलं, सगळ्यांनाच वाचून दाखवला, शाळेतल्या सगळ्या सातवीच्या मुलांना. मग ती जरा सैल झाली. सुगंधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दाराकडे. कॅलेंडर कधीच उडून गेलं होतं आणि तोरण वाळून खाली पडलं होतं. दारावरच्या पाटीकडे बोट करून ती म्हणाली, "वाच गो. काय लिवलंय?"

हेडसर पुढे झाले, मीही काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सुगंधाने सुरुवात केली होती. तिच्या पद्धतीने, प्रत्येक अक्षराला हात लावून पाहावं तशी, थांबत थांबत तिने वाचलं. "इयत्ता. सातवी. तुकडी. ढ."

"ढ म्हंजे?"

जिन्यातली मुलं दोन पायऱ्या वर आली. हेडसर हातातल्या कागदांकडे बघायला लागले. अख्खं वर्ष मी या पाटीखालून आत-बाहेर केलं होतं.

सुगंधा म्हणाली, "ढगाचा ढ, आये."

आईने मान वर करून ते निळं-पांढरं अक्षर एकदा नीट पाहून घेतलं.

"म्हंजे वरचा वर्ग हाय," ती म्हणाली.

मग तिने आपली पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि बाजाराला उशीर झाला म्हणत जिना उतरली. आमची पाटी दारावर तशीच राहिली. हेडसरांनी त्या मे महिन्यातही पेंटरला बोलावलं नाही.